एकच साइट लॅपटॉपवर उघडत नाही, बाकी सगळं चालतंय. नेमकं कुठे शोधायचं?

अबोली_सातारा
नमस्कार मंडळी. तातडीची मदत हवी आहे. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, मुदत याच आठवड्यात संपते. अर्जाची साइट माझ्या लॅपटॉपवर उघडतच नाही. चाक फिरत राहतं आणि बऱ्याच वेळाने ‘धिस साइट कान्ट बी रीच्ड’ येतं. बाकी गूगल, यूट्यूब, मेल, बँक, अगदी हा धागासुद्धा याच लॅपटॉपवरून लिहितेय. क्रोम आणि एज दोन्हींत तेच. विंडोज १०. घरी स्थानिक केबलवाल्यांचं फायबर आहे. भाची पुण्याहून आली आहे, तिच्या फोनवर साइट क्षणात उघडते. म्हणजे दोष लॅपटॉपचाच ना? फोनवर अर्ज भरता येईल, पण कागदपत्रं सगळी लॅपटॉपमध्ये आहेत आणि फोनवर तो अर्ज अर्धा कापलेला दिसतो.

मधली_सुट्टी
आधी इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा. उघडली तर कुकीज किंवा एखादं एक्स्टेन्शन आडवं येतंय.

रानवारा
कॅशे साफ करा, टेम्प फाइल्स उडवा, अँटिव्हायरस काढून टाका. तरी नाही झालं तर विंडोज नव्याने टाका. मी दर वर्षी टाकतो, लॅपटॉप कसा सुटसुटीत राहतो.

डोंगरवेडा
रानवारा, मुदत तोंडावर आलेल्या माणसाला विंडोज नव्याने टाकायला सांगू नका हो. कागदपत्रंही त्यातच आहेत म्हणतायत त्या.

बेळगावी_कुंदा
डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदला. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. आमच्याकडे केबलवाल्याचा डीएनएस अधूनमधून झोपतो, तेव्हा हाच उपाय चालतो. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस.

अबोली_सातारा
इन्कॉग्निटोत तेच. डीएनएस बदलून बघितला, १.१.१.१ टाकला, फ्लशही केलं. फरक नाही. :(

वायरमन
ताई, जरा थांबा. एकेक औषध देत बसण्याआधी दुखणं कुठे आहे ते वेगळं करू. मी नेटवर्कच्याच कामात आहे आणि सगळ्यात जास्त वेळ चुकीच्या जागी शोधण्यात जाताना पाहतो. साइट आणि तुमच्यामध्ये लॅपटॉप, राउटर, केबलवाल्याचं जाळं आणि साइटचा सर्व्हर एवढी ठिकाणं आहेत. दोनच गोष्टी करून सांगा.
एक, भाचीच्या फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवर साइट उघडा. लॅपटॉप तोच, रस्ता वेगळा.
दुसरी, त्याच फोनचा मोबाइल डेटा पूर्ण बंद करून, फक्त घरच्या वाय-फायवर साइट उघडा. रस्ता तोच, यंत्र वेगळं.
आणि चाक फिरत असताना क्रोमच्या खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ येते. ती जशीच्या तशी लिहून पाठवा.

तारामंडळ
वायरमन यांना अनुमोदन. एररचा मजकूर नीट वाचला तर अर्धं काम होतं. ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड’ दिसलं तर नावावरून पत्ताच सापडलेला नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलो, पण दार उघडलं नाही. ‘४०३’ आलं तर साइटने तुम्हाला ओळखून नाही म्हटलं. ‘५०३’ आलं तर साइटच दमलेली आहे, लॅपटॉपला हात लावू नका. ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ आलं तर आधी घड्याळ बघा.

सायली_नाशिक
घड्याळ? ते कसं काय?

तारामंडळ
सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच वैध असतं. लॅपटॉपची तारीख चुकली की ब्राउझरला ते ‘अजून सुरूच झालेलं नाही’ किंवा ‘संपलेलं’ वाटतं आणि तो दार बंद करतो. आमच्या बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर एका सकाळी जवळपास सगळ्या साइट्स बंद पडल्या होत्या. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे लॅपटॉप दरवेळी कित्येक वर्षं मागे जाऊन चालू व्हायचा. सीआर २०३२ नावाचा सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. काही लॅपटॉपमध्ये तो वायरला जोडलेला असतो, तेव्हा मात्र दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं.

शून्य_प्रहर
प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे तर एक भर. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ नावाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं वापरणाऱ्या असंख्य साइट्स त्याच्या आधारावर जुन्या यंत्रांवर चालत होत्या. त्या दिवसानंतर अपडेट न मिळालेले जुने लॅपटॉप आणि टीव्ही तक्रार करू लागले. साइट आणि नेट दोन्ही ठणठणीत, पण यंत्राच्या विश्वासाची यादी शिळी. विंडोज ७ वाल्यांनी हेही लक्षात ठेवा की क्रोमची तिथली शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर त्यांच्याकडचं क्रोम तिथेच थांबलं आहे.

फ्रांकफुर्टकर
माझा अनुभव थोडा वेगळा, पण विषय हाच. भारतातल्या काही सरकारी साइट्स इथून जर्मनीतून उघडतच नाहीत. कधी ४०३, कधी नुसतं चाक. गावच्या कामासाठी एक कागद काढायचा होता, लॅपटॉपचं सगळं करून झालं. शेवटी गावी चुलतभावाला फोन केला, त्याच्याकडे पटकन उघडली. सुरक्षेसाठी काही कार्यालयं परदेशातले पत्ते अडवून ठेवतात. परदेशस्थ मंडळींनी लॅपटॉप उघडण्याआधी भारतातल्या कुणाला तरी साइट उघडायला सांगावं.

रानवारा
मग व्हीपीएन टाका की, म्हणजे तुमची ये-जा दुसऱ्याच्या सर्व्हरवरून होईल. फुकट मिळतात. अबोलीताईंचाही प्रश्न सुटेल.

डोंगरवेडा
फुकटच्या व्हीपीएनवरून आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील भरायचा? मी तरी कधीच सांगणार नाही. तुमची सगळी ये-जा त्या अनोळखी माणसाच्या घरातून होते. साइटला कुलूप असलं तरी तुम्ही कुठे जाता ते त्याला दिसतंच, आणि त्याच्या ॲपने लॅपटॉपमध्ये काय काय बसवलं ते तुम्हाला दिसत नाही.

फ्रांकफुर्टकर
डोंगरवेडा, पैसे देऊन घेतलेल्यांचंही एक आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला नियम काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. भारतीय पत्ता हवा म्हणून व्हीपीएन घेणाऱ्याने आधी तो पत्ता प्रत्यक्षात कुठून मिळतो ते विचारावं.

काकडआरती
साइट मुद्दाम बंद केलेली असण्याची शक्यता कुणी धरलीच नाही. डिसेंबर २०१४ मध्ये गिटहब, व्हिमिओ, पेस्टबिन, इंटरनेट आर्काइव्ह धरून ३२ साइट्स सरकारी आदेशाने अडवल्या गेल्या होत्या. माझ्या कामाचा कोड गिटहबवर आणि सकाळी उठून बघतो तर पान कोरं. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने आर्काइव्ह पुन्हा बंद झालं होतं, सिनेमांच्या चोरीच्या प्रकरणात. गंमत अशी की एका कंपनीच्या नेटवर बंद आणि शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर चालू, असं असतं. कारण अडवण्याचं काम प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करते.

मधली_सुट्टी
शिष्यवृत्तीची साइट कोण कशाला अडवेल, काकडआरती :)

काकडआरती
मान्य. पण ‘शेजारी चालतं, आमच्याकडे नाही’ याचं एक कारण म्हणून सांगितलं. वायरमन यांची हॉटस्पॉटची चाचणी म्हणूनच महत्त्वाची.

अबोली_सातारा
केलं सगळं. हॉटस्पॉटवर लॅपटॉपमध्ये साइट उघडली!! लगेच. आणि भाचीच्या फोनचा डेटा बंद करून आमच्या वाय-फायवर बघितलं तर तिथे उघडत नाही. ती आल्यापासून स्वतःच्या डेटावरच होती, आमच्या वाय-फायला फोन जोडलेलाच नव्हता.
कोपऱ्यातली ओळ: आधी काहीतरी पटकन येऊन जातं आणि मग ‘एस्टॅब्लिशिंग सिक्युअर कनेक्शन’ येऊन तिथेच बसतं.

वायरमन
छान! लॅपटॉप सुटला यातून. त्याला कुणी हात लावू नका. दोष तुमच्या राउटरपासून पुढच्या रस्त्यात आहे.
आणि ती ओळ फार मोलाची आहे. ‘रिझॉल्व्हिंग होस्ट’वर अडकलं असतं तर डीएनएसचा दोष. ‘कनेक्टिंग’वर अडकलं असतं तर सर्व्हरपर्यंत रस्ताच नाही. तुमचं त्याच्यापुढे गेलंय, सर्व्हरशी राम-राम झालाय. मग सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो आणि ते पोहोचत नाही. नेटवर माहिती तुकड्या-तुकड्यांत, पॅकेटांत जाते. लहान पॅकेटं येतात, मोठं येत नाही. माझा संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर आहे. राउटर अलीकडे बदललाय का? आणि राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून नेट सुरू होतं का?

अबोली_सातारा
हो, गेल्या महिन्यात विजेच्या कडकडाटात जुना राउटर गेला. केबलवाल्या मुलाने नवीन बसवला, त्यात युजरनेम-पासवर्ड टाकताना मी बघितलं. पण मग बाकीच्या साइट्स कशा चालतात?

वायरमन
सांगतो, सविस्तर. कारण हे दुखणं खूप घरांत आहे आणि लोक उगाच लॅपटॉप बदलतात.
इथरनेटवर एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार १५०० बाइट्स. युजरनेम-पासवर्डने चालणारी जी जोडणी असते तिला पीपीपीओई म्हणतात. ती प्रत्येक पॅकेटला स्वतःचे ८ बाइट्स लावते, म्हणून तुमच्यासाठी १४९२ च उरतात. आता सर्व्हर १५०० चं पॅकेट पाठवतो आणि वर ‘तोडू नका’ अशी खूण असते. केबलवाल्याच्या यंत्राजवळ ते टपालपेटीच्या फटीपेक्षा मोठ्या पाकिटासारखं अडतं. यंत्र ते टाकून देतं आणि सर्व्हरला उलट निरोप पाठवतं, ‘मोठं आहे, लहान करून पाठव’. हा निरोप आयसीएमपीतून, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना अडचणी कळवायच्या पद्धतीतून जातो. बऱ्याच साइट्सच्या फायरवॉलवर कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असतं. मग सर्व्हरला निरोप कधी मिळतच नाही. तो तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि तुमच्याकडे चाक फिरत राहतं.
ज्या साइट्स निरोप ऐकतात त्या चालतात. गूगल आणि यूट्यूब तर क्रोमशी बहुतेकदा क्विक नावाच्या पद्धतीने बोलतात, त्यात पॅकेटं मुळातच लहान ठेवलेली असतात. म्हणून ‘सगळं चालतं आणि एकच साइट नाही’ असं दिसतं.
चांगला राउटर हे आपणहून सांभाळतो. जोडणी सुरू होतानाच तो सर्व्हरला लहान आकार कळवतो, त्याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. तुमच्या नव्या राउटरमध्ये ते बंद असावं.
खात्री करू. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे इंग्रजीत टाइप करा: पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१. मग १४७२ च्या जागी १४६४ टाकून पुन्हा. पिंगच्या आकारात २८ बाइट्सचं शीर्षक मिळवायचं असतं, म्हणजे १४६४ अधिक २८ बरोबर १४९२.

शून्य_प्रहर
वाचनखूण साठवली! हे दुखणं इतकं जुनं आहे की सप्टेंबर २००० च्या आरएफसी २९२३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये त्याचं वर्णन आहे, आणि त्याला ब्लॅक होल असंच म्हटलंय. तरी आजही आयसीएमपी सरसकट बंद करणारे साइट-चालक भेटतात. मला याचा खरंच राग येतो. ज्याचा अर्ज राहतो त्याला कळतही नाही की चूक त्याच्या घरात नव्हती.

बेळगावी_कुंदा
पण वायरमन, आयपीव्ही६ चाही, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचाही संशय घ्यायला हवा ना? आमच्याकडे एकदा केबलवाल्याने ते अर्धवट सुरू केलं होतं. काही साइट्स उघडायला युगं लागायची. ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमधली आयपीव्ही६ ची टिचकी काढल्यावर सुरळीत.

वायरमन
रास्त शंका. पण आयपीव्ही६ अर्धवट असलं तर ब्राउझर थोडी वाट बघून बहुधा आयपीव्ही४ वर येतो, आणि अडकतं ते साधारण ‘कनेक्टिंग’वर. इथे जोडणी होऊन पुढे अडकलंय. टिचकी काढून बघायला हरकत नाही, बघून झाल्यावर परत लावा एवढंच. कायमची काढून ठेवू नये.

अबोली_सातारा
१४७२ ला ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असं काहीतरी आलं. १४६४ ला नीट रिप्लाय आले, सगळे.

वायरमन
म्हणजे रस्ता १४९२ चाच आहे. पक्का उपाय राउटरमध्ये, पण अर्ज आज भरून होऊ दे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, उजवी टिचकी मारून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. आधी ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो सबइंटरफेसेस’. यादीत तुमच्या वाय-फायचं नाव आणि त्याच्यापुढे १५०० दिसेल. मग ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस’, त्यापुढे ते नाव अवतरणचिन्हांत, जसं दिसतं अगदी तसंच, आणि शेवटी ‘एमटीयू=१४९२ स्टोअर=पर्सिस्टंट’. सगळं इंग्रजीत. एंटर मारून ‘ओके’ आलं की साइट उघडा.

रानवारा
काळ्या खिडकीत असं काही टाइप करायला मला धास्ती वाटते. बिघडलं तर?

तारामंडळ
बिघडत नाही. त्याच कमांडमध्ये १४९२ च्या जागी १५०० टाकलं की होतं तसं. विंडोज नव्याने टाकण्यापेक्षा कितीतरी सौम्य उपाय आहे हा, रानवारा :)

अबोली_सातारा
उघडली!!! घरच्या वाय-फायवर, लॅपटॉपवर. मुलगी शेजारी बसून अर्ज भरतेय. उत्पन्नाचा दाखला अपलोड झाला. वायरमनदादा, तुमचे आणि सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीच्या फोनवर घरच्या वाय-फायवरून अजूनही उघडत नाही, म्हणजे राउटरचं करायलाच हवं ना?

वायरमन
हो. कमांड फक्त लॅपटॉपपुरती आहे. केबलवाल्याला ‘साइट उघडत नाही’ असं सांगितलं तर तो राउटर बंद-चालू करून जाईल. त्याला नेमकं सांगा, ‘पीपीपीओईचा एमटीयू १४९२ करा आणि एमएसएस क्लॅम्पिंग चालू करा’. आणि पिंगच्या त्या दोन्ही उत्तरांचा फोटो काढून ठेवा, तो दाखवला की वाद होत नाही.

सायली_नाशिक
अभिनंदन अबोलीताई! लेकीला शुभेच्छा. माझा एक उपप्रश्न. आमच्याकडे एक कार्यालयीन साइट फक्त माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडत नाही. हॉटस्पॉट लावला तरी नाही. घरातल्या बाकी सगळ्यांवर उघडते.

तारामंडळ
मग तुमच्या बाबतीत दोष खरंच लॅपटॉपमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सी (ज्याच्यामार्फत नेट जातं तो मधला सर्व्हर) बघा, ऑफिसचा प्रॉक्सी घरीही चालू राहिलेला असतो. ऑफिसचा व्हीपीएन बंद करून बघा. तरी नाही तर विंडोजची होस्ट्स फाइल, तिच्यात कुणी त्या साइटचा जुना पत्ता लिहून ठेवलाय का ते पाहा. कंपनीचा लॅपटॉप आहे म्हणून शेवटचं मात्र तुमच्या आयटीवाल्यांना विचारूनच करा.

काकडआरती
सायली, साइट फार जुनी आहे का? काही कार्यालयीन साइट्स इंटरनेट एक्सप्लोररसाठीच बांधलेल्या. ते १५ जून २०२२ ला निवृत्त झालं. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’खाली आयई मोड आहे, त्यात साइटचा पत्ता टाकला की बऱ्याच उघडतात.

सायली_नाशिक
प्रॉक्सीच होता! बंद केला आणि उघडली. धन्यवाद तारामंडळ. आयई मोडही टिपून ठेवला.

डोंगरवेडा
वायरमन, एक विचारू? आमच्या राउटरच्या पानावर एमटीयू दिसतं, पण एमएसएस क्लॅम्पिंग नावाचं काहीच नाही. शोधून दमलो.

वायरमन
प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने लपवते. वॅन, म्हणजे बाहेरच्या नेटच्या जोडणीच्या सेटिंगच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘टीसीपी एमएसएस’ किंवा ‘क्लॅम्प’ असलेलं काही दिसतंय का बघा. आकडा विचारला तर १४५२ टाका, १४९२ मधून दोन शीर्षकांचे ४० वजा. काहीच नसेल तर फक्त एमटीयू १४९२ करा, पुष्कळ राउटर तेवढ्यावर बाकीचं आपणहून करतात. बदलल्यावर राउटर एकदा बंद-चालू करा आणि मोबाइल डेटा बंद ठेवून फोनवरून तपासा.